तरंगणारी इभ्रत

मालवणला पावसाळा ओसरला की किनाऱ्यावर होड्यांच्या बरोबरीने नारिंगी जाकिटांचे ढीगही अवतरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ, उथळ पाण्यात स्नॉर्कलिंग करायला मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा चहूबाजूंनी कुटुंबे येतात आणि होडीत चढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाची एक तातडीची बैठक भरते. डोळ्यांवर मास्क चढवायचा, तोंडात नळी धरायची, पाण्यावर पालथे पडून खालचे मासे आणि प्रवाळ बघायचे, इथपर्यंतचा ठराव एकमताने मंजूर होतो. जाकिटाचा मुद्दा निघाला की सभा दुभंगते.

मुले मुकाट हात वर करून जाकिटात शिरतात. आजी होडीतच बसणार असतात, तरी दोन जाकिटे मागतात. एक घालायला, एक पाठीशी टेकायला. मावशी पंजाबी ड्रेसवर जाकीट चढवून, पट्टे ओढून, वर 'जाड दिसतेय का मी?' हा प्रश्न विचारूनही मोकळ्या झालेल्या असतात. उरतात ते काका. काका त्या ढिगाकडे बघतही नाहीत. "मला येतं पोहायला," एवढेच म्हणतात. हे वाक्य उच्चारताना पोट आपोआप आत जाते आणि छाती बाहेर येते, त्यामुळे जाकीट न घालताच काकांचा घेर जाकीट घातल्याएवढा होतो.

होडीवर काम करणारा पोरगा हे वाक्य हंगामभर ऐकत असतो. तो वाद घालत नाही. "येता तर बराच आसा. जाकीट घाला," असे म्हणून पुढच्या माणसाकडे वळतो. त्याच्या लेखी विषय संपलेला असतो. काकांच्या लेखी तो आत्ता कुठे सुरू झालेला असतो.

'मला येतं पोहायला' या विधानाचे पोटभेद पुष्कळ आहेत. पहिला पोटभेद टाकीवाल्यांचा. यांचे पोहणे महापालिकेच्या किंवा क्लबच्या तलावात झालेले असते. तिथे दर 25 मीटरला भिंत येते, तळाला फरशी दिसते, काठावर शिट्टीवाला उभा असतो आणि पाण्यात क्लोरीनखेरीज दुसरे काही नसते. दुसरा पोटभेद विहीरवाल्यांचा. यांनी शाळकरी वयात गावच्या विहिरीत मुटके मारलेले असतात, पण शेवटचा मुटका मारला तेव्हा दूरदर्शन कृष्णधवल होते. तिसरा पोटभेद नदीवाल्यांचा. यांनी एकदा पूर आलेला असताना कृष्णा किंवा पंचगंगा पार केलेली असते आणि दर सांगण्यात त्या नदीचे पात्र थोडे थोडे रुंद होत गेलेले असते. चौथा आणि सर्वांत नवा पोटभेद फोनवर चित्रफिती बघून तयार झालेल्यांचा. त्यांना सगळे स्ट्रोक माहीत असतात. पाण्याशी त्यांची गाठ पडायची तेवढी बाकी असते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जाकीट नको म्हणण्याचा निर्णय त्यांनी समुद्राकडे बघून घेतलेला नसतो, सोबतच्या माणसांकडे बघून घेतलेला असतो.

याचे मूळ पार बालपणात आहे. तरंगण्याची साधने महाराष्ट्राला परदेशातून आलेली नाहीत. विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा बांधत. कुठे पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका बांधत, कारण पांगाऱ्याचे लाकूड कमालीचे हलके. पुढे तेलाचे पत्र्याचे डबे आले, तोंड बंद करून ते पाठीवर चढले. मग ट्रकच्या टायरची ट्यूब आली, आणि तिच्या व्हॉल्वने पोटावर ओरखडे न उठलेला माणूस त्या पिढीत सापडणे कठीण. या सगळ्यांत मानाचा दिवस एकच असे: पाठीवरचा डबा सुटायचा तो. त्या दिवशी गडी मोठा झाला असे सगळी आळी समजे. आज पन्नाशी उलटलेल्या त्याच गड्याला, सासुरवाडीच्या माणसांदेखत, एक विशीतला पोरगा पुन्हा डबा बांधायला सांगतो आहे. जाकीट जड लागते ते यामुळे. वजन म्हणाल तर त्याला जेमतेमच असते.

आता इभ्रतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून पदार्थविज्ञानाकडे वळायला हरकत नाही, कारण पाण्यात शेवटी त्याचेच चालते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असते. म्हणजे 70 किलोच्या माणसाला टाकीपेक्षा समुद्रात जवळजवळ पावणेदोन किलोचा जादा आधार फुकट मिळतो. त्यात छातीभर श्वास घेतला की फुप्फुसांत आणखी काही लिटर हवा भरते आणि दर लिटरमागे साधारण एक किलोची उचल मिळते. या हिशेबाने बहुतेक माणसे समुद्रात शांत पडून राहिली तर तरंगतात. काकांचे म्हणणे इथपर्यंत शास्त्राला धरून आहे. शिवाय चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे काकांना निसर्गाने काही सोय करूनही ठेवलेली असते.

गडबड डोक्याची आहे. माणसाचे डोके चार ते पाच किलोंचे असते. ते पाण्यात असेपर्यंत त्याचा भार जाणवत नाही. पाणीच तो पेलते. पालथे पडून, तोंड पाण्यात, नळीचे टोक तेवढे बाहेर, ही स्नॉर्कलिंगची अवस्था म्हणूनच इतकी निवांत असते. पण डोके पाण्याबाहेर काढले की ते चार-पाच किलो उचलून धरायची जबाबदारी हातापायांवर येते. दोन मिनिटे ठीक. पाच मिनिटांनी पोटऱ्या तक्रार करू लागतात. त्यात घाबरून माणूस ओरडला की छातीतली हवा बाहेर जाते आणि मघाचा फुकट मिळालेला आधार त्या आरोळीबरोबर निघून जातो.

आणि मराठी माणूस स्नॉर्कलिंग करताना डोके वर काढणार नाही, हे शक्य नाही. खाली निळा-पिवळा मासा दिसला की तो 'अगं ए, बघ, बघ!' हे सांगायला वर येतो. मावशींना मासा दिसला नाही तर 'तिकडे नाही गं, इकडे' हे सांगायला पुन्हा वर येतो. होडी कुठे गेली हे पाहायला वर येतो. होडीतून फोटो काढणाऱ्याला अंगठा दाखवायला वर येतो. नळीत पाणी शिरले की खोकायला वर येतो, आणि खोकला थांबल्यावर आपल्याला काहीही झालेले नाही हे जाहीर करायलाही वर येतो. तोंडात नळी असताना बोलायचे नाही, ही या खेळातली सर्वांत अवघड अट आहे. गप्प राहू शकणाऱ्या माणसाला जाकिटाची गरज कमी भासते. पण असा माणूस कुटुंबासह सहलीला कशाला येईल?

जाकीट नेमके किती उचलते, याचेही मोजमाप ठरलेले आहे. या साधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात 50, 100, 150 आणि 275 न्यूटन अशा पायऱ्या आहेत. 10 न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने एक किलोची उचल. 50 न्यूटनचे साधन हे पोहता येणाऱ्यांसाठी, आणि मदत जवळ असेल अशा जागेसाठी असते. ते आधार देते, बेशुद्ध माणसाला उताणे करण्याची हमी देत नाही. 150 न्यूटनचे जाकीट खुल्या समुद्रासाठी असते आणि शुद्ध हरपलेल्या माणसालाही पालथ्याचे उताणे करावे अशी त्याची रचना असते. इथे स्नॉर्कलिंगवाल्याची खरी पंचाईत होते. त्याला हौसेने पालथे पडायचे असते आणि भारी जाकिटाला त्याला जिवाच्या काळजीने उताणे करायचे असते. एक खाली बघतो, दुसरे वर ओढते. शेवटी तडजोड म्हणून दोघे उभे राहतात, आणि हनुवटी पाण्याला टेकवून, पाय सायकल मारत, काका मासे सोडून क्षितिज बघत बसतात.

तेव्हा जाकीटविरोधकांच्या बाजूनेही चार शब्द बोलायला हवेत, कारण त्यांची सगळीच तक्रार पोकळ नाही. किनाऱ्यावर मिळणारी जाकिटे बहुधा फोमची असतात आणि ढिगातून हाताला येईल ते माणसाला मिळते. सडपातळ नवऱ्याला ऐसपैस जाकीट येते, अंगाने भरलेल्या मेहुण्याला शाळकरी मापाचे येते. खालून पाय अडकवायचा पट्टा नसेल किंवा असून बांधला नसेल, तर पाण्यात उतरताच जाकीट वर सरकते आणि माणूस खाली राहतो. मग कानांपर्यंत आलेल्या नारिंगी चौकटीतून दोन डोळे तेवढे बाहेर बघत असतात. जाकीट घालून बुडी मारता येत नाही. लाट आणि प्रवाह यांत ते माणसाला अडवते. आणि त्याचा सर्वांत मोठा दोष असा की ते अंगावर चढताच पाण्याची भीतीच नव्हे, पाण्याविषयीची अक्कलही काही जण किनाऱ्यावर काढून ठेवतात.

पण जाकीट म्हणजे हे एकच जाकीट, असा समज करून घेण्याचे कारण नाही. स्नॉर्कलिंगसाठी वेगळे, पातळ, फुगवायचे वेस्ट मिळते. गळ्यात अडकवायचे, कमरेला पट्टा, छातीशी एक लहान नळी. हवे तेवढे फुंकायचे, नको तेव्हा हवा सोडून द्यायची. पालथे पडता येते, दमलो तर चार फुंकरा मारून उताणे होऊन विश्रांती घेता येते, आणि बुडी मारायची तर रिकामे करून मारता येते. भडक पिवळा किंवा केशरी रंग असल्यामुळे होडीवाल्यालाही आपले गिऱ्हाईक कुठे आहे ते कळते. जगभर स्नॉर्कलिंग करणारे पट्टीचे पोहणारेही ते घालतात. आपल्या किनाऱ्यावर ते सहजी मिळत नाही, पण ज्याने मास्कवर आणि पाण्याखाली चालणाऱ्या कॅमेऱ्यावर पैसे घातले आहेत त्याला ते परवडायला हरकत नसावी.

फोमची लांब नळकांडी असतात, तीही काखेत धरून लोक तरंगतात. तलावात ती ठीक, उघड्या समुद्रात हातातून सुटली की वाऱ्याबरोबर स्वतःच्या सहलीला निघून जातात. अंदमानात हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर आणखी एक पद्धत चालते. वाटाड्या एक गोल रिंग पुढे ओढत नेतो, पर्यटक ती धरून मागे पालथा पडलेला असतो. न पोहणाऱ्या माणसाला मासे दाखवण्याची ही सर्वांत खात्रीची रीत. मावशी अशा रिंगला लोंबकळून अर्ध्या तासात जितके प्रवाळ बघतात, तितके काकांना पाणी तुडवण्याच्या धांदलीत आयुष्यभर दिसणार नाहीत.

हॅवलॉकचा विषय निघालाच आहे तर राजनची आठवण काढायला हवी. राजन नावाचा हत्ती तिथल्या समुद्रात पोहण्यासाठी प्रसिद्ध होता. लाकूडतोडीच्या कामासाठी अंदमानात आणलेला हा हत्ती ती कामे थांबल्यावर पर्यटकांचा लाडका झाला, चित्रपटात दिसला आणि 2016 साली वारला. सोंड पाण्याबाहेर, बाकी सगळा देह पाण्याखाली, अशा थाटात तो चालला की खालून छायाचित्रकार त्याचे पाय टिपत. ॲरिस्टॉटलने पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या नळीचा उल्लेख करताना तुलना हत्तीच्या सोंडेशीच केली होती. पण हत्तीचे उदाहरण काकांनी द्यायच्या आत एक सांगितलेले बरे. हत्तीच्या फुप्फुसाभोवतीची रचनाच निराळी आहे. माणसात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक पातळ पोकळी असते. हत्तीत तिथे घट्ट तंतुमय ऊतक भरलेले असते. खोल पाण्यातून सोंडेने श्वास घेताना पडणारा दाब सोसण्यासाठी ही सोय असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. माणसाला ती सोय नाही. एक मीटर खोलीवरही पाणी छातीवर इतके दाबते की लांब नळीतून हवा ओढणे अशक्य होऊन बसते. म्हणून स्नॉर्कलची नळी आखूडच ठेवतात.

आखूड नळीसुद्धा फुकट काम करत नाही. दर श्वासागणिक नळीतली वापरलेली हवा थोडी परत आत येते आणि हवा ओढायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. तरण्याताठ्या माणसाला हे जाणवत नाही. दम लागलेल्या, पाय मारत सुटलेल्या, रक्तदाबाची गोळी सकाळी हॉटेलात विसरलेल्या माणसाला जाणवते.

हवाई बेटांवर या विषयाचा बराच कीस पाडला गेला आहे. तिथे बाहेरून आलेल्या पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत स्नॉर्कलिंगचा क्रमांक पहिला लागतो. निवांत, उथळ, निळ्या पाण्यात, अनेकदा आजूबाजूला माणसे असताना हे घडते, म्हणून राज्याने त्यावर खास अभ्यास करवून घेतला. त्यात असे पुढे आले की नाकातोंडात पाणी जाणे हे यातल्या बऱ्याच प्रसंगांचे मूळ नसते. नळीतून जोर लावून हवा ओढणे, शारीरिक श्रम आणि आधीपासूनचे हृदयविकार यांच्या मेळातून फुप्फुसांत झपाट्याने द्रव साचू शकतो. धाप लागते, अंगातली ताकद जाते, आणि माणूस हात वर करण्याआधीच निपचित होतो. पोहण्याचा अनुभव नसणे हे कारण बहुतेकांच्या बाबतीत नव्हते. म्हणजे 'मला येतं पोहायला' हे वाक्य तिथेही म्हटले गेले असणार, आणि ते खरेही असणार.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, ही कल्पना सिनेमाने दिलेली. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी अनेक प्रसंगांचे निरीक्षण करून दाखवले की खरोखर बुडणारा बहुधा गप्प असतो. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तिथे हाक कुठून मारणार? हात वर जाण्याऐवजी दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. पृष्ठभागावरची ही धडपड साधारण 20 ते 60 सेकंद टिकते. स्नॉर्कलिंगमध्ये तर गोष्ट आणखी बिकट, कारण तोंड पाण्यात घालून निश्चल पडलेला माणूस मजेत आहे की अडचणीत, हे होडीतून सांगता येत नाही. अंगावर केशरी जाकीट असले तर निदान तो कुठे आहे हे तरी कळते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने हा प्रश्न इभ्रतीवर सोडलेला नाही. ग्रेट बॅरियर रीफवर पर्यटकांना नेणाऱ्यांसाठी तिथे कायदा आहे आणि आचारसंहिता आहे. होडीवर आधी आरोग्याची विचारपूस होते. हृदयाचा, श्वासाचा, फिट येण्याचा काही इतिहास असेल तर त्या माणसाला तरंगण्याचे साधन घेऊनच पाण्यात उतरावे लागते, जोडीदार सोबत ठेवावा लागतो आणि पहाऱ्यावरच्या माणसाला तो ओळखू यावा अशी खूण त्याच्या अंगावर असते. आपल्याकडे अशी विचारपूस झाली तर काका 'कधी एक गोळीसुद्धा घेत नाही' असे म्हणतील आणि शेजारून मावशी गोळ्यांची नावे सकाळ-दुपार-रात्र अशा क्रमाने वाचून दाखवतील. खरे तर जोखीम ओळखण्याची ही पद्धत क्वीन्सलँडपेक्षा जलद आणि भरवशाची आहे.

बिनजाकिटाचे पोहणारे महाराष्ट्रात नाहीत असे कोण म्हणतो? पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुन्या पोहून 2018 मध्ये 'ओशन्स सेव्हन' पूर्ण केले, आणि तो मान मिळवणारे ते पहिले आशियाई ठरले. इंग्लिश खाडीच्या पारंपरिक नियमांत तर तरंगायला मदत करणारा पोशाखच चालत नाही. पण अशा जलतरणपटूच्या शेजारून पूर्ण वेळ एक होडी चालते. तिच्यात निरीक्षक असतो, खाणे-पिणे पुरवणारी माणसे असतात, भरती-ओहोटीचे गणित आधीच मांडलेले असते, आणि त्याच्यामागे काही वर्षांचा रोजचा सराव असतो. काकांच्या पथकात होडीत बसलेल्या आजी असतात. त्यांच्याकडे खाणे-पिणे भरपूर असते, पण निरीक्षण करायला त्यांचा चष्मा बॅगेत असतो.

जाकिटाचा एक फायदा मात्र काकांचा नाही, समुद्राचा आहे, आणि तो मालवणात विशेष महत्त्वाचा. इथले सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. दमलेला माणूस आधार शोधतो आणि उथळ पाण्यात त्याच्या पायाला पहिला आधार मिळतो तो प्रवाळाचा. त्याला तो खडक वाटतो. प्रत्यक्षात तो लहान लहान जिवांचा वस्तीगट असतो आणि भरीव प्रकारचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. मेहुण्याच्या दोन मिनिटांच्या विश्रांतीत काही वर्षांची वाढ मोडून जाते. रीफ बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघही आहे. दम लागला म्हणून वाघाच्या पाठीवर उभा राहणारा पर्यटक ताडोबात अजून सापडलेला नाही. मालवणात होडीवरचा पोरगा ओरडत असतो, "दादानू, खडपार पाय ठेवूचो नाय!" आणि दादा तिथेच उभे राहून विचारतात, "काय म्हणालास?" अंगात जाकीट असलेल्या माणसाला उभे राहण्याची गरज पडत नाही. त्याला दमल्यावर नुसते पडून राहता येते, आणि तेवढ्याने प्रवाळाची पाच-दहा वर्षे वाचतात.

तर घालायचे की नाही, याचा निकाल असा. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी प्रश्नच नाही. जाकीट घालायचे, आणि जाकिटावरही न विसंबता वाटाड्याच्या हाताशी राहायचे. ज्याला पोहता येते त्याने किनाऱ्याजवळ, पाय टेकतील अशा पाण्यात, मास्क आणि नळी लावून आधी स्वतःची परीक्षा घ्यावी. नळीत मुद्दाम पाणी घेऊन ते न घाबरता फुंकून बाहेर काढता येते का? मास्क काढून उताणे पडून शांतपणे श्वास घेता येतो का? हात-पाय फारसे न मारता पाच मिनिटे तरंगता येते का? या तिन्हींची उत्तरे 'हो' असतील तर फुगवायचे वेस्ट पुरेसे आहे. एकाचेही उत्तर 'मागे यायचं' असे असेल तर फोमचे जाकीट घ्यावे. साठी ओलांडलेली असेल, रक्तदाब वा हृदयाचा इतिहास असेल, दीर्घ प्रवासाने अंग आंबलेले असेल, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही जाकीट घ्यावे आणि त्याआधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात धाप लागली तर नळी आणि मास्क काढून उताणे व्हावे आणि लगेच हात करून बाहेर यावे; 'थोडा वेळ बघतो, कमी होईल' हे घाटात दुखणाऱ्या गुडघ्याला चालते, इथे नाही.

घेतलेले जाकीट आपल्या मापाचे आहे ना, हे होडीवर बसल्या बसल्या बघावे. खांद्यापाशी धरून कुणाला तरी वर ओढायला सांगावे; हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे, बदलून मागावे. सगळे पट्टे लावावेत, पायातलासुद्धा. होडीवाल्याकडे पुरेशी जाकिटे नसतील तर ती होडी सोडून दुसरी धरावी, भले ती थोडी महाग असो.

आणि एवढे सगळे पटूनही ज्यांच्या इभ्रतीला नारिंगी रंग सोसत नाही, त्यांच्यासाठीही मालवणात जागा आहे. दर डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. तिथे वयोगटवार शर्यती असतात, बिनजाकिटाचे पोहता येते आणि जमले तर पदकही मिळते. काकांनी जानेवारीपासून सराव सुरू करावा, डिसेंबरात तिथे नाव नोंदवावे. या वेळच्या सहलीत मात्र मुकाट्याने जाकीट घालावे आणि मावशींना दिसलेला मासा शोधावा.